नायक, खलनायक आणि ऋषी : रामायण-महाभारताच्या वाचनात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही शनिवारी संध्याकाळी रामायण आणि महाभारत वाचतो. चेंदणी, पाचपाखाडी, वर्तकनगर इथली मंडळी असतातच, शिवाय ऐरोली-वाशीहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून येणारेही आहेत. नवीन माणूस आला की साधारण तेच प्रश्न विचारतो, आणि ते प्रश्न चांगले असतात. म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथे घाईने सांगितलं की अर्धवटच हाती लागतं.

यायला संस्कृत येणं गरजेचं आहे का?

नाही. आधी मराठी भाषांतर वाचतो, अडलं तर मूळ श्लोक काढतो. ज्यांना संस्कृत येतं ते बाकीच्यांना पदच्छेद करून देतात. फी नाही, नावनोंदणी नाही.

तुम्ही कोणता पाठ प्रमाण मानता? घरोघरच्या पोथ्यांत तर वेगवेगळं असतं.

महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची चिकित्सक आवृत्ती. १९१९ साली हे काम सुरू झालं आणि १९६६ साली पूर्ण झालं. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतची १,२५९ हस्तलिखितं पाहून, कोणता श्लोक कुठे आहे आणि कुठे नाही हे ताडून त्यांनी पाठ ठरवला. विष्णु सीताराम सुखठणकरांनी १९२५ पासून प्रमुख संपादक म्हणून त्याची शिस्त घालून दिली. काम पूर्ण झालेलं पाहायला ते राहिले नाहीत, १९४३ साली गेले. पुढे बेलवलकर आणि वैद्य यांनी ते तडीस नेलं. आपल्या घरापासून तीन-चार तासांवर एवढं मोठं काम झालं आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना ते माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. रामायणाची तशीच आवृत्ती बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली.

पण प्रमाण मानणं म्हणजे बाकीचं फेकून देणं नव्हे. नाथांचं भावार्थ रामायण, श्रीधरांचे रामविजय आणि पांडवप्रताप, मोरोपंतांच्या आर्या हेही आम्ही वाचतो. फक्त कोणती गोष्ट कुठली, एवढं स्वच्छ सांगतो.

मग लक्ष्मणरेषा, शबरीची उष्टी बोरं हे सगळं खोटं का?

खोटं नाही, नंतरचं आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात लक्ष्मण रेघ मारत नाही. सीता त्याला फार कठोर बोलते, तो दुखावतो, ‘वनदेवता तुमचं रक्षण करोत’ म्हणून निघून जातो. शबरी रामासाठी रानातली फळंमुळं जमवून ठेवते, पण ती चाखून पाहिल्याचं वाल्मीकी सांगत नाहीत. अहल्या शिळा होत नाही. वारा भक्षण करून, राखेत पडून, कोणाला न दिसता राहा असा गौतमांचा शाप आहे. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा हसणं होतं, द्रौपदीही हसल्याचं तो नंतर बापाला सांगतो, पण ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे वाक्य तिच्या तोंडी नाही. गणपती लेखनिक झाल्याची गोष्टही चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. आणि ‘धर्म कळतो पण वळत नाही’ या अर्थाचा जो श्लोक दुर्योधनाच्या नावावर सर्रास खपतो, तो महाभारतातला नाहीच.

यातल्या प्रत्येक गोष्टीला पुढच्या कोणातरी कवीची, कीर्तनकाराची गरज होती. शबरीच्या बोरांत भक्तिसंप्रदायाचं सगळं मन आहे. पण लक्ष्मणरेषेबाबत मात्र मी जरा आग्रहाने बोलतो. रेघ आली की दोष आपोआप सीतेवर जातो, ‘ओलांडलीच कशाला?’ मूळ कथेत रेघ नाही, त्यामुळे दोष जिथे आहे तिथेच राहतो, रावणावर.

एका वाक्यात सांगा, खरा खलनायक कोण?

एका नावात हे सांगता येणार नाही, पण ओळखायचं कसं ते सांगता येईल. एक श्लोक आहे:

सुलभाः पुरुषा राजन् सततं प्रियवादिनः।
अप्रियस्य च पथ्यस्य वक्ता श्रोता च दुर्लभः॥

गोड बोलणारे पुष्कळ मिळतात; कडू पण हिताचं सांगणारा दुर्मीळ, आणि ते ऐकून घेणाराही दुर्मीळ. रामायणात हे मारीच रावणाला सांगतो. महाभारतात हाच श्लोक विदुराच्या तोंडी येतो, द्यूतसभेत थोड्या वेगळ्या शब्दांत आणि पुढे युद्ध टाळण्यासाठी धृतराष्ट्राची समजूत काढताना. दोन्ही ग्रंथांत जवळपास शब्दशः तोच श्लोक, आणि दोन्हीकडे तो ज्याला सांगितला तो ऐकत नाही. आमच्या वाचनात हाच धागा आम्ही धरून ठेवतो. या दोन ग्रंथांत खलनायकाला अंधारात ठेवलेलं नाही. त्याला त्याच्याच माणसांनी वेळेवर, तोंडावर, स्पष्ट सांगितलेलं आहे.

रावणाची यादी पाहा. मारीच सांगतो. विश्वामित्रांच्या यज्ञात रामाचा बाण लागून तो समुद्रात फेकला गेला होता, पुढे दंडकारण्यातही त्याच्या बाणांतून जेमतेम वाचला होता, तेव्हापासून ‘र’ने सुरू होणारं नाव ऐकलं तरी आपल्याला धडकी भरते असं तो म्हणतो. विभीषण सांगतो आणि अपमान सोसून चार साथीदारांसह लंका सोडतो. आजोबांच्या नात्यातला माल्यवान सांगतो. कुंभकर्णसुद्धा उठल्यावर आधी भावाची खरडपट्टी काढतो, मग त्याच्याच बाजूने लढायला जातो.

दुर्योधनाची यादी त्याहून मोठी आहे. उद्योगपर्वात भीष्म, द्रोण, विदुर, धृतराष्ट्र तर सांगतातच, गांधारीला मुद्दाम सभेत बोलावून आणतात. परशुराम, कण्व आणि नारद हे ऋषी गोष्टी सांगून समजावतात. कण्वांचं ऐकून दुर्योधन मांडीवर थाप मारतो आणि म्हणतो, ईश्वराने मला जसं घडवलं तसा मी वागतो, तुमच्या बडबडीने काय होणार? मला विचाराल तर त्याचा कडेलोट तिथे झाला. भीमाची गदा त्या मांडीवर पडली ती फार नंतर.

रावण विद्वान होता, आणि त्याने सीतेला हात लावला नाही. मग तो वाईट कसा?

अलीकडे हा प्रश्न फार येतो, बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरून आलेला असतो, आणि विचारणारी बऱ्याचदा कॉलेजातली मुलं असतात. दोन भाग करू.

पहिला भाग खरा आहे. रावण पुलस्त्य ऋषींचा नातू, विश्रव्याचा मुलगा, कुबेराचा सावत्र भाऊ. त्याचा दरबार पहिल्यांदा पाहताना खुद्द हनुमान थक्क होतो: काय हे रूप, काय हे धैर्य! अधर्म एवढा बळावला नसता तर हा इंद्रासह स्वर्गाचाही रक्षणकर्ता होण्याच्या योग्यतेचा होता, असं हनुमानाच्या मनात येतं. वाल्मीकी शत्रूला लहान करत नाहीत.

दुसरा भाग मात्र वाल्मीकींच्या पाठाशी जुळत नाही. हरणाच्या वेळी रावण सीतेचे केस एका हाताने धरतो, दुसऱ्या हाताने मांड्यांखाली धरून उचलतो, असं अरण्यकांडात स्वच्छ लिहिलं आहे. लंकेत नेल्यावर बारा महिन्यांची मुदत देतो आणि त्यानंतरही ऐकलं नाहीस तर स्वयंपाकी तुझे तुकडे करून माझ्या न्याहारीला वाढतील, असं धमकावतो. त्याने बळजबरी केली नाही याचं कारणही कथेत आहे. युद्धकांडात तो स्वतः ब्रह्मदेवाचा शाप सांगतो, उत्तरकांडात रंभेवरच्या अत्याचारानंतर नलकूबराचा शाप येतो. डोक्याची शकलं होतील या भीतीने जो थांबतो त्याचा संयम म्हणून गौरव करणं मला पटत नाही. वाचनाला येणाऱ्या बायकांना तर मुळीच पटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

पण तो मेल्यावर राम काय म्हणतो तेही वाचा. विभीषण अंत्यसंस्काराला कचरतो, तेव्हा राम सांगतो: वैर मरणाबरोबर संपतं, आपलं काम झालं, आता याचे संस्कार कर, जसा तो तुझा तसाच माझाही. आपल्या जिल्ह्याला पूर्वी जोडलेल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे एकाच रात्री, एकाच वाजपावर नाचतात. ते पाहिलेल्याला ही वृत्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कर्ण नायक की खलनायक?

या प्रश्नाने आमच्याकडे सगळ्यात जास्त आवाज चढतात. कर्णावरच्या मराठी कादंबऱ्या वाचून मोठी झालेली पिढी समोर असते, आणि त्यांच्या मनातला कर्ण मूळ महाभारतातल्या कर्णापेक्षा बराच उजळ असतो. त्या प्रेमाचा मला आदर आहे. पण पाठ काय म्हणतो ते सांगणं आमचं काम.

स्वयंवरात ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ हे द्रौपदीचं वाक्य चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. तिथे उलट, कर्ण-शल्यांसारख्या बलाढ्य राजांना जे धनुष्य वाकवता आलं नाही ते हा ब्राह्मण मुलगा काय वाकवणार, अशी कुजबुज आहे. म्हणजे ज्या अपमानाचा सूड म्हणून आपण सभेतलं त्याचं वागणं समजून घेतो, तो अपमानच मुळात नाही. आणि सभेतलं वागणं? द्रौपदीला हलक्या शब्दांनी हिणवणारा कर्णच, आणि पांडवांची व द्रौपदीची वस्त्रं उतरव असं दुःशासनाला सांगणाराही कर्णच. विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा भाऊ, उभा राहून हे चूक आहे म्हणतो. त्याला ‘पोरकट’ म्हणून खाली बसवणारा कर्ण.

आता दुसरी बाजू. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन जातो आणि जन्माचं रहस्य सांगतो. तू थोरला, राज्य तुझं, युधिष्ठिर तुझ्यावर चवरी ढाळेल. कर्ण नाही म्हणतो. अधिरथ आणि राधा यांनी आपल्याला वाढवलं, त्यांचे पिंड आपल्यावर आहेत. दुर्योधनाने आपल्या भरवशावर युद्ध मांडलं आहे. मग तो कृष्णाला विनवतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस, त्याला कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. आणि त्याच संभाषणात तो म्हणतो, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो त्याचा मला आज ताप होतो आहे.

महाभारतात असा कबुलीजबाब फार थोडे देतात. दुर्योधन शेवटपर्यंत देत नाही. कर्णाला कळलेलं आहे, फक्त कळल्यावर वळायचं कुठे हे त्याने स्वतःच्या ऋणांत अडकवून ठेवलं आहे. सूर्याने स्वप्नात येऊन कवचकुंडलं देऊ नकोस म्हणून सांगितलं, तेही त्याने ऐकून घेतलं आणि तरीही दिली. पण त्याच सूर्याच्या सल्ल्याने बदल्यात इंद्राकडून शक्ती मागून घेतली, हे ‘दानशूर’ म्हणताना आपण विसरतो. ती शक्ती अर्जुनासाठी राखलेली होती आणि घटोत्कचावर खर्ची पडली. अभिमन्यूला घेरलं तेव्हा मागून त्याचं धनुष्य तोडणारा कर्णच होता.

मग उत्तर काय? माझं मत विचाराल तर तो नायकाच्या योग्यतेचा माणूस आहे आणि त्याने खलनायकाची कामं केली. दोन्ही वाक्यं पूर्ण खरी आहेत. एक सांगताना दुसरं गिळू नये, एवढंच आम्ही येणाऱ्यांना सांगतो.

भीष्म सभेत गप्प का राहिले?

ते अगदी गप्प नव्हते, आणि म्हणूनच जास्त त्रास होतो. द्रौपदी विचारते, युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवलं की मला? जो स्वतःच दास झाला त्याला पत्नी पणाला लावायचा अधिकार उरतो का? भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, तुझ्या प्रश्नाचा निवाडा मला नीट करता येत नाही. पितामहांनी, ज्यांच्या एका शब्दावर सभा थांबली असती त्यांनी, एवढंच सांगावं!

युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिर त्यांच्या पाया पडायला जातो तेव्हा ते स्वतःच कारण देतात: माणूस अर्थाचा, म्हणजे धनाचा, दास असतो, कौरवांनी मला अर्थाने बांधलं आहे. ज्याने बापासाठी राज्य आणि संसार सोडला तो हे म्हणतो. आमच्यातले एक निवृत्त सरकारी अधिकारी हा भाग वाचून झाल्यावर बराच वेळ बोललेच नाहीत.

द्रौपदीच्या प्रश्नाला उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. तिला धृतराष्ट्राकडून वर मिळतात. पहिल्याने ती युधिष्ठिराला सोडवते, दुसऱ्याने उरलेल्या चौघांना, आणि तिसरा वर घेत नाही. तेव्हा कर्णालाच म्हणावं लागतं की बुडणाऱ्या पांडवांना ही नाव झाली. त्या सभेत नायक शोधायचा असेल तर तो हीच.

जुगार खेळून बायको पणाला लावणारा युधिष्ठिर धर्मराज कसा?

महाभारत त्याला माफ करत नाही. भीम भर सभेत त्याचे हात जाळायला निघतो. द्रोणवधाच्या वेळी अश्वत्थाम्याबद्दल अर्धसत्य बोलल्यावर, तोवर जमिनीच्या चार अंगुळं वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकतो. पण त्याचं एक वैशिष्ट्य आहे: तो विचारत राहतो. वनवासात ऋषींना विचारतो, शरपंजरी पडलेल्या भीष्मांना विचारतो. शांतिपर्व आणि अनुशासनपर्व ही दोन प्रचंड पर्वं त्याच्या प्रश्नांवर उभी आहेत. स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून यायला नकार देतो. आणि आत गेल्यावर त्याला काय दिसतं? आसनावर विराजमान दुर्योधन! तो खवळतो. हा शेवट ज्यांनी वाचलेला नसतो त्यांना फार धक्का बसतो.

ऋषी इतके चिडके का? कोणालाही शाप देतात.

सगळे नाहीत, पण दुर्वासांसारखे आहेत हे खरं. ऋषी म्हणजे शांत, दाढीवाला, आशीर्वाद देणारा आजोबा असं चित्र टीव्हीवरून डोक्यात बसलेलं असतं. ग्रंथातले ऋषी तप करून शक्ती मिळवतात, रागावले की ती खर्च होते, मग पुन्हा तप करतात.

विश्वामित्रांचीच गोष्ट घ्या. मुळात राजा. वसिष्ठांची गाय हवी म्हणून सैन्य घेऊन भांडले आणि हरले, तेव्हा ब्रह्मर्षी व्हायचं ठरवलं. त्रिशंकूसाठी जिद्दीने तप खर्ची घातलं, मेनकेपायी वर्षं गेली, रंभेला शाप देऊन पुन्हा शून्यावर आले. शेवटी वसिष्ठांनीच त्यांना ब्रह्मर्षी म्हटलं. गंमत अशी की ही गोष्ट बालकांडात येण्याआधीच, राम कोवळा आहे म्हणून दशरथ त्याला पाठवायला तयार नसतो, तेव्हा ‘निःशंक पाठव’ असं सांगणारे वसिष्ठच असतात. जुनं वैर त्या घटकेला कुठेही दिसत नाही. आणि मिथिलेत ही कथा रामाला सांगतो कोण, तर शतानंद, अहल्येचा मुलगा, ज्याने आधी अधीर होऊन विचारलेलं असतं की माझ्या आईला तुम्ही भेटलात का?

माझे सगळ्यात आवडते ऋषी मात्र मांडव्य. चोरांनी त्यांच्या आश्रमात माल लपवला, मौनात असल्यामुळे ते बोलले नाहीत, राजाने सुळावर दिलं. पुढे ते थेट यमधर्माला जाऊन विचारतात, कोणत्या पापाची ही शिक्षा? लहानपणी कीटकांच्या शेपटांत काड्या खुपसल्यास म्हणून, असं उत्तर मिळतं. मांडव्य भडकतात. अजाण वयातल्या खोडीला एवढी शिक्षा? ते नियमच घालून देतात की चौदा वर्षांपर्यंत पाप लागणार नाही, आणि न्याय करणाऱ्या धर्मालाच शाप देतात, दासीच्या पोटी जन्म घे. तो जन्म म्हणजे विदुर. कडू पण हिताचं बोलणारा जो माणूस सगळं महाभारत पेलतो, तो एका ऋषीच्या रागातून जन्माला आला आहे. वाचनाला येणारे वकील या गोष्टीवर तासभर बोलू शकतात, आणि बोलतातही.

व्यास लेखक की पात्र?

दोन्ही. सत्यवती आणि पराशर यांचा यमुनेतल्या बेटावर जन्मलेला मुलगा, धृतराष्ट्र, पांडू आणि विदुर यांचा जन्मदाता. म्हणजे जे लढून मेले ते त्यांचे नातवंडं-पतवंडं. त्यांचा शिष्य वैशंपायन ही कथा जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगतो, आणि तिथे ऐकलेली उग्रश्रवा नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना. आपण सांगितलेल्याचं सांगितलेलं ऐकतो आहोत.

वाल्मीकी खरंच वाल्या कोळी होते का?

चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी हा प्रश्न पहिल्यांदा फार दुखावून विचारला होता, म्हणून नीट सांगतो. वाल्मीकिरामायणात दरोड्याची गोष्ट नाही. उत्तरकांडात वाल्मीकी स्वतःला प्रचेताचा दहावा पुत्र म्हणवतात. वाटमारी, ‘मरा मरा’ आणि वारूळ हे अध्यात्म रामायणासारख्या नंतरच्या ग्रंथांतून आणि कीर्तनांतून आलं. माणूस कितीही खाली गेला तरी उठू शकतो, हे सांगायला ती कथा मोलाची आहे. पण त्यातून एका आख्ख्या कष्टकरी समाजाचं नाव वाटमारीला चिकटवणं अन्याय आहे, आणि त्याला आदिकाव्याचा आधार नाही. आम्ही मुलांना गोष्ट सांगताना जात सांगत नाही.

एकलव्याच्या बाबतीत द्रोण चुकले का?

हो. आणि हे आजचं मत ग्रंथावर लादलेलं नाही. अंगठा मागणाऱ्या द्रोणांच्या शब्दांना महाभारत स्वतःच ‘दारुण’ म्हणतं. निषाद म्हणून शिकवायला नकार, मातीच्या मूर्तीसमोर केलेला अभ्यास, अर्जुनाची तक्रार, मग गुरुदक्षिणा. सारवासारव करणारी स्पष्टीकरणं पुष्कळ ऐकायला मिळतात, ती पाठात नाहीत. एकलव्य तिथे संपतही नाही. द्रोणपर्वात कृष्ण सांगतो की जरासंध, शिशुपाल आणि एकलव्य यांना मी तुमच्या हितासाठी आधीच दूर केलं. अंगठा गेल्यावरही तो कृष्णाला धास्ती वाटावी असा योद्धा होता.

परशुरामाने कोकण निर्माण केलं, त्यात ठाणं येतं का?

शांतिपर्वात येतं ते असं: परशुरामाने जिंकलेली पृथ्वी कश्यपाला दान दिली. कश्यप म्हणाला, आता माझ्या भूमीवर राहू नकोस, दक्षिण समुद्राकडे जा. तेव्हा सागराने त्याच्यासाठी शूर्पारक देश निर्माण केला, तोच अपरान्त. बाण मारून समुद्र हटवल्याची कथा नंतरच्या परंपरेतली. शूर्पारक म्हणजे आपलं सोपारा, नालासोपारा स्टेशनाजवळचं. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. वनपर्वात पांडव तीर्थयात्रेत शूर्पारकाला येतात, आणि आदिपर्वात अर्जुन प्रभासला जाण्याआधी अपरान्तातली तीर्थं करतो. सोपाऱ्यातच १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे बंदर प्राचीन खरंच.

ठाण्याचं स्वतःचं नाव मात्र या ग्रंथांत शोधू नका. श्रीस्थानक म्हणून ते शिलाहारांच्या काळात मोठं झालं.

अंबरनाथचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात…

देवळातच शिलालेख आहे, शके ९८२ म्हणजे १०६० सालचा, शिलाहारांचा. पण ज्या कारागिरीपुढे माणूस आ वासून उभा राहतो ती पांडवांच्या नावे करण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. लेण्यांनाही ‘पांडवलेणी’ म्हणतातच.

अश्वत्थामा अजून तेल मागत फिरतो का?

सौप्तिकपर्वात कृष्णाचा शाप तीन हजार वर्षं एकाकी भटकण्याचा आहे. तेल मागण्याची गोष्ट नर्मदेकाठची लोककथा. नर्मदा परिक्रमा केलेली मंडळी ती श्रद्धेने सांगतात, आम्ही ती ऐकून घेतो.

घरात महाभारत ठेवलं की भांडणं होतात, हे खरं का?

नाही. आपल्याच घरांतून चातुर्मासात पांडवप्रताप वाचला जायचा, देवळांतून महाभारतावर पुराणं व्हायची. आमच्या वाचनाला येणाऱ्या एका आजींच्या सासरी तो रोज दिवेलागणीला वाचत. निःशंक आणा, निःशंक ठेवा.

मुलांना आणलं तर चालेल का?

साधारण दहा वर्षांच्या पुढे जरूर आणा. सौप्तिकपर्व किंवा सभापर्व असेल त्या आठवड्यात आधी विचारून घ्या, तिथे हिंसा आहे आणि ती आम्ही गाळत नाही. मुलांचे प्रश्न थांबवू नका. ‘वालीला लपून का मारलं?’ हे सगळ्यात आधी मुलंच विचारतात, आणि वालीनेही मरताना रामाला नेमकं तेच विचारलं आहे. रामाचं उत्तर मोठं आहे, प्रत्येकाला पटतंच असं नाही.

घरी वाचायला सुरुवात कुठून करावी?

आदिपर्वाच्या पहिल्या पानापासून सुरू करणारे बहुतेक वंशावळीत अडकून सोडून देतात. सभापर्वातलं द्यूत आधी वाचा, मग उद्योगपर्व सलग. रामायणात अरण्यकांडातला मारीच-रावण संवाद घ्या, आणि लगेच युद्धकांडातलं विभीषणाचं बोलणं. भाषांतर कोणतंही चालेल, फक्त संक्षिप्त नको, कारण संक्षेप करताना सगळ्यात आधी कापली जातात ती ही बोलणीच. ठाण्यात राहत असाल तर १८९३ पासून चालू असलेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद व्हा. येत्या शनिवारी आम्ही उद्योगपर्वात विदुर आणि धृतराष्ट्र यांच्या त्या जागरणाच्या रात्रीपाशी आहोत.